खालून लागलेली गाडी, वर न पोचलेली तक्रार

रायगड जिल्ह्याच्या मोठ्या भागातील माणसाला मोटार चालविण्याचा परवाना हवा असेल, तर पेणच्या परिवहन कार्यालयाची पायरी चढावी लागते. गाडीच्या पाटीवरील ‘एमएच ०६’ ही याच कार्यालयाची खूण. शिकाऊ परवाना, त्यानंतर किमान तीस दिवसांची प्रतीक्षा, मग निरीक्षकासमोर गाडी पुढे नेणे, मागे घेणे, वळविणे असे सोपस्कार पार पडले की परवाना हाती येतो आणि नवा चालक कुटुंबाला घेऊन पहिल्या प्रवासाला निघतो. हा प्रवास बहुधा रोह्याच्या किंवा अलिबागच्या नातेवाइकांकडचा असतो. मग वाटेत कोठेतरी, नवे काँक्रीट संपून जुने डांबर लागते तेथे किंवा एखाद्या गावाच्या तोंडाशी घातलेल्या गतिरोधकावर, गाडीच्या पोटाखालून खरखरीत आवाज येतो. गाडीतील बोलणे थांबते. चालक प्रथम आरशात पाहतो. मागून कोणी पाहिले तर नाही ना, ही त्याची पहिली चिंता. गाडीखाली पाहण्याचे त्याला सुचत नाही, आणि सुचले तरी तेथे नेमके काय पाहावयाचे हे त्याला कोणी शिकविलेले नसते.

प्रसंग क्षुल्लक आहे. सामाजिक प्रश्नांचा डोंगर समोर असताना एका मोटारीच्या तळाला पडलेल्या ओरखड्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील तर ते स्वाभाविकच ठरेल. परंतु सार्वजनिक व्यवस्थेची हेळसांड ही सामान्य माणसाच्या घरात खाजगी लाज आणि खाजगी खर्च यांच्या रूपाने कशी शिरते, हे समजून घ्यावयाचे असेल तर याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. म्हणून या ओरखड्याचा विचार दोन अंगांनी केला पाहिजे. गाडीचे आणि गाडीतील माणसांचे नुकसान वाढू नये यासाठी चालकाने काय करावे, हे पहिले अंग. आणि त्या नुकसानीचा हिशेब अखेर कोणाच्या नावावर मांडावयाचा, हे दुसरे.

प्रथम गाडीकडे पाहू या. या देशात सामान्य कुटुंबे वापरतात त्या छोट्या मोटारींचा तळ रस्त्यापासून साधारणतः १६० ते १८० मिलिमीटर उंच असतो. हा आकडा रिकाम्या गाडीचा. पाच माणसे बसली, मागे सामान चढले की गाडी खाली बसते आणि अंतर आणखी घटते. या थोडक्या जागेत पुढच्या बाजूला प्लास्टिकचे संरक्षक आवरण असते. त्यामागे इंजिनचे तेल साठविणारे पात्र, ज्याला गॅरेजवाले ‘चेंबर’ म्हणतात. तेथून मागे सायलेन्सरची नळी जाते. आणि तळाच्या कडेने ब्रेकच्या तेलाच्या व इंधनाच्या बारीक नळ्या गेलेल्या असतात. यांपैकी काय घासले यावर सारे अवलंबून आहे. प्लास्टिकचे आवरण खरवडले किंवा त्याची पिन निसटून ते लोंबू लागले तर काम किरकोळ असते. सायलेन्सरला पोचा पडला किंवा त्याचा रबरी टांगा तुटला तर आवाज फार होतो, परंतु काम वेल्डिंगने भागते. चेंबरला तडा गेला किंवा ब्रेकची नळी चेपली, तर मात्र तो ओरखडा राहत नाही. पुढचा प्रत्येक किलोमीटर धोक्याचा होतो.

म्हणून आवाज आल्यानंतर पहिले काम एकच: रहदारीपासून दूर, सपाट जागी गाडी थांबवावी, धोक्याचे दिवे लावावेत आणि इंजिन बंद करावे. डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचे लाल चिन्ह पेटले असेल, तर ‘पुढच्या नाक्यापर्यंत जाऊ’ हा विचार मनात येऊ देऊ नये. दहा मिनिटे थांबून खाली वाकावे आणि मोबाइलच्या उजेडात जमिनीकडे पाहावे. स्वच्छ पाण्याचे थेंब पडत असतील आणि वातानुकूलन चालू असेल तर ते त्याचेच पाणी. काळजीचे कारण नाही. काळपट, चिकट थेंब म्हणजे इंजिनचे तेल. हिरवट, तांबूस किंवा निळसर पाणी म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव. इंधनाचा वास येत असेल तर गाडी सुरू करू नये आणि जवळ कोणाला विडी-सिगारेट पेटवू देऊ नये. ब्रेकचे पायताळ नेहमीपेक्षा खोल जात असेल तर गाडी जागेवरून हलवू नये. सायलेन्सर तापलेला असतो, त्याला हात लावू नये. आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ होय. विजेवर चालणाऱ्या मोटारींची बॅटरी तळाशीच असते. तेथे जोराचा फटका बसला असेल, तर वरून काही दिसत नसले तरी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. यांपैकी काहीही आढळले नाही तर गाडी हळू चालवीत न्यावी, आणि एक-दोन दिवसांत ती रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेऊन तळ पाहून घ्यावा. मिस्त्रीने काढून दाखविलेला भाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा मालकाला अधिकार आहे, हेही लक्षात ठेवावे. पोचा पडलेला प्रत्येक भाग बदलावा लागतोच असे नाही. आणि गळणारा भाग केवळ पुसून भागत नाही.

हे ज्ञान दहा मिनिटांत सांगता येण्याजोगे आहे. ते दिले का जात नाही? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटार शिकविणाऱ्या शाळेने हलक्या खाजगी वाहनासाठी किमान एकवीस दिवसांचे शिक्षण द्यावयाचे आणि त्यात प्रत्यक्ष चालविण्याचे किमान दहा तास असावयाचे. त्याच अभ्यासक्रमात वाहनाच्या यंत्ररचनेची ओळखही घातलेली आहे. प्रत्यक्षात शिकाऊ माणसाला शाळेच्या गाडीत सकाळचा थोडा वेळ मिळतो, शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, आणि बॉनेटचे झाकण अनेकांच्या बाबतीत परवाना मिळेपर्यंत एकदाही उघडले जात नाही. गतिरोधक येण्यापूर्वीच वेग उतरवावा आणि चाक त्यावर चढताना ब्रेकवरून पाय काढावा, कारण ब्रेक दाबलेला असताना गाडीचे नाक खाली झुकते आणि तळ घासतो. रस्त्यात पडलेला दगड दोन चाकांच्या मधून काढण्याचा मोह टाळावा, कारण तो नेमका चेंबरच्या वाटेवर येतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्याच्या खोलीवर विश्वास ठेवू नये. फार उंच गतिरोधकापाशी दोन माणसांना खाली उतरविण्यात कमीपणा नाही. या साध्या गोष्टी नवा चालक पहिल्या ओरखड्यानंतर शिकतो. शिक्षणाची उणीव गाडीच्या पत्र्याने भरून काढावयाची, अशी ही रीत आहे.

त्यात लाज भर घालते. ज्या घरात पहिल्यांदाच मोटार आली आहे, बहुधा जुनी, बहुधा कर्जाने घेतलेली, त्या घरात तिच्या अंगावरचा पहिला ओरखडा ही अब्रूची गोष्ट होऊन बसते. चालविणारी स्त्री असेल तर घरच्या आणि दारच्या टोमण्यांना ऊत येतो; तोच गतिरोधक तिच्या नवऱ्याच्या हातूनही घासला गेला असता, हे कोणी बोलत नाही. परिणामी आवाज झाला हेच लपविले जाते. गाडी तशीच पुढे नेली जाते, तेल थेंबाथेंबाने गळत राहते आणि तीस-चाळीस किलोमीटरनंतर इंजिन जाम होते. जे काम काही हजारांत आटोपले असते, ते कर्जाचे अनेक हप्ते गिळून बसते.

येथे विम्याचा आधार मिळेल अशी अनेकांची समजूत असते. ती तपासून पाहावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा हा दुसऱ्याच्या नुकसानीचा असतो. स्वतःच्या गाडीच्या तळाशी त्याचा संबंध नाही. ज्यांनी सर्वंकष विमा घेतला आहे, त्यांनाही १५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी प्रत्येक दाव्यात पहिले १००० रुपये स्वतः सोसावे लागतात. शिवाय दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. ही सवलत दाव्याविना गेलेल्या पहिल्या वर्षानंतर वीस टक्के असते आणि वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत पोचते. छोट्या दुरुस्तीसाठी दावा करणे म्हणूनच आतबट्ट्याचे ठरते आणि शहाणा माणूस तो करीत नाही. उलट चेंबर फुटल्याचे ठाऊक असताना गाडी चालवून इंजिन जाम केले, तर ते ‘परिणामी नुकसान’ म्हणून विमा कंपनी नाकारते. छोट्या नुकसानीचा दावा परवडत नाही आणि मोठ्या नुकसानीचा दावा टिकत नाही, अशा दोन भिंतींच्या मध्ये नवा चालक सापडतो.

आता रस्त्याकडे वळू या. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच गतिरोधकाचे माप ठरवून दिले: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, वर गोलाई. ताशी २५ किलोमीटर वेगाने त्यावरून वाहन सुखरूप जावे हा हेतू. अशा गतिरोधकावर सर्वसामान्य मोटारीचा तळ लागण्याचे कारण नाही. गावोगावी दिसणारे गतिरोधक मात्र अरुंद, उंच आणि धारदार असतात. त्यांवर पांढरे पट्टे नसतात आणि आधी फलकही नसतो. तथापि, त्यांच्याविषयी बोलताना एक गोष्ट विसरू नये. असा प्रत्येक उंचवटा कोणाच्या तरी आग्रहाने घातलेला असतो आणि त्या आग्रहामागे पुष्कळदा शाळेत जाणाऱ्या मुलाचा किंवा रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीचा अपघात असतो. पदपथ नाही, सिग्नल नाही, पोलीस नाही, तेथे गावाने डांबराचा ढिगारा हेच आपले संरक्षण मानले. मोटारवाल्याच्या सोयीसाठी तो उखडावा ही मागणी अन्यायाची होईल. तो मापात बांधून घ्यावा, रंगवावा, त्याआधी फलक लावावा, ही मागणी गाव आणि चालक या दोघांच्याही हिताची आहे.

महामार्गाची गोष्ट वेगळी. तेथे गावाच्या हट्टाची सबब चालत नाही. पेणवरून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७ आणि आताचा ६६, याच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. ठेकेदार बदलले, टप्प्याचे तुकडे झाले, मुदतींमागून मुदती जाहीर झाल्या, उच्च न्यायालयात याचिका गेल्या. दरवर्षी गणेशोत्सव जवळ आला की पाहणी दौरे निघतात, खड्ड्यांत खडी पडते आणि पहिल्या जोराच्या सरीबरोबर ती वाहून जाते. २०२५ च्या गणेशोत्सवातही कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांना कोलाड, इंदापूर, माणगाव या परिसरात अपुरी कामे आणि वळणरस्ते यांतूनच वाट काढावी लागली. जेथे एका मार्गिकेवरून दुसऱ्या मार्गिकेवर वाहन उतरवावे लागते, तेथे नव्या काँक्रीटच्या आणि जुन्या डांबराच्या पातळीत फरक असतो. रात्रीच्या वेळी, पावसात, ती पायरी नवख्या चालकाला दिसत नाही. तिचा पत्ता त्याला चेंबर सांगतो.

ही दिरंगाई भूगोलाने लादलेली आहे, असे म्हणणाऱ्यांना याच तालुक्याच्या शेजारचे रोहा उत्तर देऊ शकेल. रोह्यातून कोकण रेल्वे सुरू होते. १९९० मध्ये, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री असताना, या मार्गासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ च्या जानेवारीत रोहा ते मंगळूर अशा सुमारे ७६० किलोमीटरच्या संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. नव्वदहून अधिक बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल असलेले ते काम आठ वर्षांत झाले. पाऊस तोच होता, माती तीच होती. ८४ किलोमीटरच्या सपाट-चढउताराच्या रस्त्याला त्याहून कितीतरी अधिक काळ लागावा, याची कारणे निसर्गात शोधण्याचे प्रयोजन नाही. ती ठेक्यांच्या व्यवस्थेत, भूसंपादनाच्या घोळात आणि उत्तरदायित्वाच्या अभावात शोधावी लागतील.

कायदा याबाबत काय म्हणतो? चांगल्या, खड्डेविरहित रस्त्यांचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्डे किंवा उघडी गटारे यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना इजेच्या प्रमाणात ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. हे निर्णय महत्त्वाचे आहेत आणि कार्यकर्त्यांनी ते गावोगावी पोचविले पाहिजेत. परंतु त्यांची मर्यादाही ओळखावी. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९८-अ रस्त्याच्या रचनेत व देखभालीत कसूर करणाऱ्या अधिकारी-ठेकेदारांना दंड सांगते. तो एक लाख रुपयांपर्यंतचा, आणि तोही त्या कसुरीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तरच. परवाना नसताना गाडी चालविली तर चालकाला होणारा दंड ५००० रुपये आहे आणि त्यासाठी कोणी मरावे लागत नाही. ज्याच्या हाती चाक आहे त्याची चूक कायद्याला लगेच दिसते. ज्याच्या हाती रस्ता आहे त्याची चूक दिसण्यासाठी माणूस मरावा वा पांगळा व्हावा लागतो.

फुटलेला चेंबर, चेपलेला सायलेन्सर, वाकलेली नळी यांना या व्यवस्थेत कोठेच जागा नाही. पोलिसांत नोंद होत नाही, कारण अपघात झालेला नसतो. विमा कंपनीकडे नोंद होत नाही, कारण दावा परवडत नाही. न्यायालयात कोणी जात नाही, कारण रक्कम वकिलाच्या फीइतकीही नसते. घरातही नोंद होत नाही, कारण लाज वाटते. हे सारे नुकसान एखाद्या गॅरेजवाल्याच्या वहीत आणि मालकाच्या खिशात विरून जाते. जे मोजले जात नाही ते सरकारदरबारी घडलेलेच नसते. एवढ्या मोठ्या महामार्गाची दुर्दशा इतकी वर्षे सोसली गेली, तिचे एक कारण या न मोजलेल्या नुकसानीत आहे.

हा मोटारवाल्यांचा प्रश्न आहे, श्रमिकांच्या चळवळीने तो का उचलावा, अशी शंका येथे पुन्हा डोके वर काढील. तिचे उत्तर पेणच्या नाक्यावर उभे राहिले की मिळते. ज्या खड्ड्यात छोट्या मोटारीचा तळ घासतो, त्याच खड्ड्यात मिनीडोरवाल्याचा पाटा तुटतो आणि त्याची दिवसाची कमाई जाते. त्याच खड्ड्यात कारखान्यातून रात्रपाळी करून परतणारा कामगार दुचाकीवरून पडतो. एस. टी. च्या मागच्या बाकावरील प्रवाशाचा मणका त्याच खड्ड्याने हादरतो आणि बाळंतिणीची रुग्णवाहिका तेथेच अडते. पेण, हमरापूर, जोहे येथील कारागिरांनी महिनोन्‌महिने राबून घडविलेल्या गणेशमूर्ती टेम्पोतून याच रस्त्याने बाहेर पडतात. एका हादऱ्याने मूर्तीचा हात निखळला तर तो तोटा कोणी तरी सोसतोच. मोटारवाल्याजवळ निदान पत्र्याचे कवच असते. इतरांना तेही नाही. खड्डा वर्गभेद मानीत नाही, परंतु त्याची किंमत मात्र ज्याच्याजवळ कमी आहे त्याला अधिक पडते.

म्हणून सुचविण्याजोगे काम छोटे आहे, परंतु ते नियमाने व्हावयास हवे. पेण आणि रोहा तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी गॅरेजवाल्यांशी आणि मिनीडोर चालकांच्या संघटनांशी बोलून प्रत्येक गॅरेजात एक वही ठेवावी. गाडी कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी लागली, कोणता भाग गेला, खर्च किती आला, या चार गोष्टी तीत लिहाव्यात. मालकाचे नाव नसले तरी चालेल, म्हणजे लाजेचा अडसर राहणार नाही. जागेचे छायाचित्र जोडावे. एका पावसाळ्याच्या चार महिन्यांत या वहीतून जो नकाशा तयार होईल, तो कोणत्याही पाहणी दौऱ्याहून अधिक बोलका असेल. त्याच्या आधारे ग्रामसभेत ठराव करता येतील. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्या तुकड्याचा ठेकेदार कोण, दोष-दायित्वाचा कालावधी कधी संपतो आणि त्या काळात दुरुस्तीवर किती सरकारी पैसा खर्च झाला, हे विचारता येईल. शाळा आणि मोटार शिकविणारे यांच्यामार्फत नव्या चालकांना गाडीखाली काय पाहावयाचे याचा अर्ध्या तासाचा पाठ देता येईल. आणि तो पाठ घेताना स्त्रियांना पुढच्या रांगेत बसवावे.

अर्थात, प्रत्येक ओरखड्याला रस्ताच जबाबदार असतो असे मानणे ही आत्मवंचना होईल. वेग न उतरविणारा, गाडीत मापाबाहेर माणसे भरणारा चालकही असतो, आणि त्याने आपली चूक कबूल करून शिकले पाहिजे. वहीत तीही नोंद असावी, कारण प्रामाणिक वहीलाच वजन येते. चालकाने आपल्या वाट्याची चूक मान्य करावी आणि रस्ता बांधणाऱ्याला त्याच्या वाट्याची मान्य करावयास लावावी, एवढाच या साऱ्याचा अर्थ.

नवा चालक रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून, मोबाइलच्या उजेडात आपल्या गाडीखाली वाकून पाहतो, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याचे हसू येते. त्या वेळी हसणाऱ्यांपैकी एकाने थांबून त्याच्याबरोबर खाली वाकावे, तेल गळते की पाणी हे त्याला सांगावे, आणि उठताना ती जागा नोंदवून ठेवावी. कार्यकर्त्याचे काम याहून फार निराळे नसते.